आबिंग्डनचा मुक्काम आणि एक जुनी मोटार

ऑक्सफर्डचीं वर्णनें आपल्याकडील प्रवासवृत्तांतून इतकीं येऊन गेलीं आहेत कीं, तेथील मनोरे आणि हिरवळी यांविषयीं आणखी लिहावयास बसणें म्हणजे वाचकांच्या सहनशीलतेचा अंत पाहणें होय. परंतु त्या विद्यानगरीच्या दक्षिणेस अवघ्या सहा मैलांवर थेम्सच्या कांठीं आबिंग्डन म्हणून जें गांव आहे, तिकडे आपल्या लोकांचें पाऊल सहसा वळत नाहीं. माझा पुतण्या नोकरीनिमित्त तेथें बिऱ्हाड करून राहतो. गेल्या आश्विनांत त्याच्याकडे माझा तीन आठवडे मुक्काम झाला. निघण्याच्या आदल्या दिवशीं वहिनींनीं माझ्या हवालीं दोन गोष्टी केल्या: एक बेसनाच्या लाडवांचा डबा आणि दुसरी एक कामगिरी. “तीन वर्षें झालीं, तो हातांतला सारा पैसा एका मोडक्या मोटारींत घालतो आहे. भावोजी, तुमचें तो ऐकेल. तेवढी ती विकावयास लावा,” असें त्यांनीं मला बजावलें. डबा मीं जपून नेला.

आबिंग्डनला आगगाडी नाहीं. एके काळीं होती. १९६३ सालीं उतारूंची वाहतूक बंद झाली. म्हणून ऑक्सफर्डहून मोटारबसनें जावें लागतें. गांव फार जुनें. बेनेडिक्टाइन पंथाच्या ज्या मठाभोंवतीं तें वाढलें, तो मठ आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत १५३८ सालीं मोडला गेला. नदीकांठीं सेंट हेलन्सचें प्रार्थनामंदिर असून त्याच्या शेजारीं १४४६ सालीं बांधलेलें वृद्धांचें आश्रयगृह आहे. त्याची लांबच लांब लाकडी पडवी पाहून मला आमच्या वाड्याच्या ओसरीची आठवण झाली. भर बाजारांतील कौंटी हॉल हा ख्रिस्तोफर केम्पस्टर नांवाच्या गवंड्यानें १६७८ सालीं बांधावयास घेतला. हा गृहस्थ प्रसिद्ध शिल्पज्ञ रेन याच्या हाताखालीं काम केलेला. राज्याभिषेकासारख्या आनंदाच्या प्रसंगीं या इमारतीच्या गच्चीवरून खालीं जमलेल्या लोकांवर गोड पाव फेंकण्याची चाल आहे. आपल्याकडे अक्षता पडतात, तेथें पाव पडतात. आणि ते झेलण्यासाठीं मोठमोठीं माणसेंही धडपडतात म्हणे. आंत संग्रहालय आहे. जुनीं नाणीं, मडकीं वगैरे पाहत आपण फिरतों, आणि अचानक समोर एक बसकी, दोन माणसांची मोटार उभी दिसते. ती १९८० सालीं याच गांवीं तयार झालेल्या अगदीं शेवटच्या गाड्यांपैकीं आहे.

तिची कुळकथा थोडक्यांत सांगितली पाहिजे. ऑक्सफर्ड येथें विल्यम मॉरिस हा सायकली दुरुस्त करतां करतां मोटारींचा कारखानदार झाला. त्याच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ या दुकानावर १९२२ सालीं सेसिल किंबर हा व्यवस्थापक झाला. किंबरनें काय करावें? मॉरिसच्या साध्यासुध्या, मास्तर-डॉक्टरांनीं वापरावयाच्या गाड्या घ्याव्या, त्यांचा सांगाडा खालीं उतरवावा, वर नवा सडपातळ टप चढवावा, इंजिनाला थोडी धार लावावी आणि तरुणांना विकावी. ‘एम्. जी.’ हीं अक्षरें त्या दुकानाच्या नांवाचीं आद्याक्षरें होत. म्हणजे हें सारें घराणेंच दुसऱ्याच्या गाडींत फेरफार करण्यांतून जन्माला आलें. मूळ रूपाचा अतोनात अभिमान बाळगणाऱ्या आजच्या भक्तांना ही गोष्ट कोणीं आठवण करून दिलेली फारशी रुचत नाहीं, असें मला दिसलें.

१९२९ सालीं हा कारखाना आबिंग्डनला आला. किंबरला १९४१ सालीं मालकांनीं दूर केलें आणि १९४५ च्या फेब्रुवारींत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकांतील आगगाडीच्या अपघातांत तो मरण पावला. कारखाना मात्र वाढत गेला. १९६२ सालीं निघालेली एम्. जी. बी. ही त्याची सर्वांत खपलेली गाडी; अठरा वर्षांत ती पांच लाखांवर विकली गेली, आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेस गेल्या. १९८० च्या ऑक्टोबरांत कारखान्याला टाळें लागलें. आज त्या जागीं कचेऱ्या व घरें आहेत. जवळच किंबरच्या नांवाच्या एका लहानशा घरांत या गाड्यांच्या चाहत्यांच्या मंडळाचें कार्यालय आहे. गांवांतल्या म्हाताऱ्या माणसांपैकीं पुष्कळांनीं त्या कारखान्यांत घाम गाळलेला. पुतण्याच्या शेजारीं राहणारे आजोबा त्यांतलेच.

आतां पुतण्याच्या मोटारखान्याकडे वळूं. घराला लागून एक अरुंद खोली. तींत चार लोखंडी तिवयांवर १९७६ सालची एम्. जी. बी. चाकांशिवाय उभी होती. दारें भिंतीला टेकविलेलीं, इंजिन एका घोडीवर टांगलेलें, आसनांच्या जागीं पोकळी. फळीवर लोणच्याच्या रिकाम्या बरण्या ओळीनें मांडल्या होत्या, आणि प्रत्येकींत नट-बोल्ट घालून वर मराठींत चिठ्ठी चिकटविलेली: ‘डावें दार, वरची बिजागरी’. हें पाहिलें आणि मला चटकन् दादा आठवले. ते आमची ॲम्बॅसडर उघडीत, तेव्हां अंगणांत वर्तमानपत्र पसरून निघेल त्या क्रमानें प्रत्येक नट मांडून ठेवीत, आणि हा सात-आठ वर्षांचा मुलगा त्यांच्याजवळ विजेरी धरून बसे.

गाडीचें खरें दुखणें गंजाचें होतें. पूर्वीच्या मोटारींना खालीं स्वतंत्र सांगाडा असे, टप कुजला तरी गाडी उभी राही. एम्. जी. बी.ला असा सांगाडा नाहीं. पत्र्याच्या पेट्या एकमेकींस जोडून तिचें अंगच सांगाड्याचें काम करतें. त्यांतून ही उघडी गाडी, डोक्यावर छप्पर नाहीं. तेव्हां पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचा सारा भार दाराखालच्या दोन पोकळ पट्ट्यांवर येतो. त्यांना तिकडे ‘सिल’ म्हणतात. आपण उंबरठा म्हणूं. चाकांनीं उडविलेला चिखल त्यांत शिरतो, पाणी सांचतें, थंडींत रस्त्यावर टाकलेलें मीठ त्यांत मिसळतें, आणि आंतून पत्रा कुजत जातो. वरून मात्र कोणीतरी लांबी भरून रंग फांसलेला असतो. पुतण्यानें गाडी घेतली तेव्हां उंबरठा चकचकीत होता. पेचकस टोंचतांच तो मुठीपर्यंत आंत गेला.

त्यानें वेल्डिंगचें यंत्र आणलें, रात्रींच्या वर्गाला जाऊन तें चालवावयास शिकला आणि पहिल्या वर्षीं डावा उंबरठा कापून नवा बसविला. येथेंच घोटाळा झाला. कापण्यापूर्वीं दाराच्या चौकटींत आडवा गज जोडून अंग ताठ धरावयास हवें होतें, तें त्यानें केलें नाहीं. मधला आधार सुटतांच गाडी नकळत वांकली, आणि त्या वांकलेल्या स्थितींतच नवा उंबरठा पक्का झाला. दार लावावयास गेला तों तें वरच्या कोपऱ्यांत अडकूं लागलें. किती? जेमतेम अर्धा बोट. “काका, तें दार मीं महिनाभर कानशीनें घांसून बसविण्याचा प्रयत्न केला. दोष दाराचा नव्हता, हें कबूल करावयास मला महिना लागला,” तो म्हणाला. त्यानंतर दीड वर्ष त्यानें मोटारखान्याचें दारच उघडलें नाहीं.

तें उघडविलें शेजारच्या आजोबांनीं. एके दिवशीं सहज डोकावले, दाराची फट पाहिली आणि म्हणाले कीं केलेलें सारें जोडकाम काप. यावर पुतण्याच्या मनाची काय स्थिति झाली असेल! पण त्यानें ऐकलें. जोड सोडविले, मधोमध जॅक लावून दोरादोरानें अंग उचललें, फट वरपासून खालपर्यंत सारखी आली तेव्हां चौकटींत गज जोडून टाकला. मग आधीं दार लटकवून, त्या दाराच्या मापानें उंबरठा बसवावयाचा, उंबरठ्याच्या मापानें दार नव्हे. मी पोहोंचलों तेव्हां काम या टप्प्यावर होतें.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशाला? जवळच विटनी गांवीं एक कंपनी जुन्याच सांच्यांवर एम्. जी. बी.चें संपूर्ण नवें अंग १९८८ पासून तयार करून देते. हाच प्रश्न मींही विचारला. पैसा हें एक उत्तर होतें. दुसरें त्यानें दिलें नाहीं.

मूळ किती राखावें आणि बदलावें किती, यावर मात्र घरांत रोज जेवतांना वाद चाले. १९७४ च्या अखेरीस अमेरिकेंतील नियमांसाठीं या गाडीला पुढेंमागें काळ्या रबराचे अवजड बंपर बसविण्यांत आले आणि ती दीड इंच उंचही करण्यांत आली. त्यामुळें वळणावर ती पूर्वीपेक्षां झुकूं लागली. पुतण्याला तें रबर काढून जुन्या धर्तीचे चकचकीत बंपर लावावयाचे होते, आणि गाडी पुन्हां खालीं आणावयाची होती. पण आजोबांनीं स्वतः जोडलेली वस्तु त्यांच्यादेखत काढावयाची कशी, याचा त्याला संकोच. शेवटीं धीर करून विचारलें. म्हातारा हंसला. “आम्हांला तें तेव्हांही आवडलें नव्हतें,” एवढेंच बोलला. सूनबाईंचें म्हणणें निराळें: गाडी जशी जन्मली तशी राहूं द्यावी, तिच्या त्या पिवळसर रंगासकट. रंगाच्या बाबतींत त्या जिंकल्या. एक बदल मात्र सक्तीचा. शिसें मिसळलेलें पेट्रोल तिकडे २००० सालापासून बंद झालें, आणि त्या शिशावांचून जुन्या इंजिनांतील झडपांच्या बैठका झिजतात. म्हणून कठीण धातूच्या बैठका घालून घ्याव्या लागल्या. सरकारचें धोरण या बाबतींत मला शहाणपणाचें वाटलें. चाळीस वर्षें उलटलेल्या गाडीला रस्त्याचा कर माफ आहे, आणि २०१८ पासून वार्षिक तपासणीही माफ. मात्र गेल्या तीस वर्षांत तिच्या मूळ घडणींत मोठा फेरफार झालेला नसावा. बंपरानें घडण बदलत नाहीं.

एका संध्याकाळीं पुतण्या इंजिनावरचें फडकें काढून म्हणाला, “ओळखतां का काका?” मीं ओळखलें नाहीं. त्यानें समजाविलें. आपली ॲम्बॅसडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, हें पुष्कळांना ठाऊक असतें. परंतु तिच्या १४८९ घन सेंटिमीटरच्या पेट्रोल-इंजिनाचें आणि या १७९८ च्या इंजिनाचें घराणें एकच. दट्ट्याचा पल्ला दोहोंचा अगदीं सारखा, ८८.९ मिलिमीटर, नळकांड्यांचा व्यास तेवढा ७३ वरून ८० पर्यंत वाढविलेला. १९५५ सालीं निघालेल्या एम्. जी. ए.मध्यें तर प्रथम १४८९ चेंच इंजिन होतें. दादांच्या गाडीला कार्ब्युरेटर एक, हिला दोन.

मी गप्प राहिलों. आमची ती ॲम्बॅसडर मींच विकली होती. २००६ सालीं दादा गेले. पुढल्या वर्षीं सदाशिव पेठेंतला वाडा पाडावयाचें ठरलें आणि अंगण मोकळें करून द्यावें लागलें. हा तेव्हां परगांवीं शिकत होता. “दिवाळीपर्यंत थांबा, मी येऊन तिची व्यवस्था करतों,” असें त्यानें कळविलें होतें. दिवाळी सहा आठवड्यांवर होती. मीं थांबलों नाहीं. भंगारवाला आला, हातगाडीवाल्याशीं करावी तशी घासाघीस करून मीं ती दिली, आणि दोरानें ओढून नेतांना तिचें एक दार सारखें उघडत होतें तें मीं गच्चीवरून पाहिलें. पुतण्यानें त्याबद्दल मला कधीं शब्दानें विचारलें नाहीं, आणि मींही कधीं विषय काढला नाहीं. त्या संध्याकाळीं काढला. “चुकलें माझें,” असें म्हणालों. आपल्या घरांत काकानें पुतण्याजवळ असें बोलण्याची रीत नाहीं; त्यामुळें तो गोंधळला, आणि हात पुसत राहिला. मग म्हणाला, “पण पान्यांची पिशवी तुम्हीं ठेवलीत ना!” ती खाकी पिशवी मीं खरोखरच काढून ठेवली होती, आणि त्याच्या लग्नानंतर त्याला पाठविली होती. ती तेथें खुंटीला टांगलेली होती. दोन्ही गाड्यांचे नट इंची मापाचे, त्यामुळें दादांचे बहुतेक पाने हिला बसतात. वहिनींचा निरोप मीं त्याला सांगितला, पण फार हळू आवाजांत, आणि तो बहुधा ऐकूं आला नसावा.

खंडेनवमीस सूनबाईंनीं पाटावर ते पाने मांडले. बागेंतला झेंडू थंडीनें थोडा कोमेजला होता, तरी हार झाला. शेजारच्या आजोबांनाही बोलावलें; त्यांनीं पानांची पूजा मोठ्या गंभीरपणें पाहिली आणि लाडू दोन घेतले. दुपारीं उंबरठ्याचा शेवटचा जोड झाला. निवल्यावर पुतण्यानें चौकटींतला गज कापून काढला. आतां अंग आपलें आपण उभें राहणार कीं पुन्हां वांकणार, हें दारच सांगणार होतें. त्याचा हात पुढें होईना. “काका, तुम्ही लावा,” तो म्हणाला.

मीं दार ढकललें. तें लागलें, मीं पुन्हां उघडलें आणि पुन्हां लावलें. आजोबांनीं खिशांतून एक पोस्टकार्ड काढून फटींतून वरपासून खालपर्यंत फिरविलें आणि कांहीं न बोलतां तें परत खिशांत ठेवलें.

रात्रीं वहिनींना फोन केला. लाडू सर्वांना आवडले, असें सांगितलें. मोटारीचें काय झालें, असें त्यांनीं विचारलें. अजून रंग व्हावयाचा आहे, म्हणालों.