कारखान्यातले मदरबोर्ड

भिवंडीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम धरलं तेव्हा माझी बहुतेक गिऱ्हाइकं यंत्रमागवाली होती. कारखान्याचं ऑफिस म्हणजे माग चालतात त्याच गाळ्यात प्लायवूड ठोकून वेगळी केलेली खोली. आत टॅलीवर सुताची खरेदी, ताक्यांचा हिशेब, मजुरी, बाहेर खडखडाट. कॅबिनेटचं झाकण काढलं की फॅनखाली, हीटसिंकच्या पात्यांवर सुताच्या बारीक तंतूंचा थर बसलेला दिसे. इतका घट्ट, की चिमटीत धरून सबंध उचलता येई. तो काढला, ब्लोअर मारला, पेस्ट बदलली की बरीच मशीनं पुन्हा नीट चालत. जी चालत नसत, त्यांच्या बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले असत.

तक्रार ठरलेली असे: "मशीन आपोआप रिस्टार्ट होतंय." मालकाला व्हायरसची शंका, म्हणून तो फॉरमॅट मारून द्यायला सांगे. मी आधी टॉर्च घेऊन प्रोसेसरच्या सॉकेटशेजारी पाहत असे. तिथे उभ्या नळकांड्यांसारखे कपॅसिटर असतात. त्यांचं डोकं सपाट हवं. डोक्यावर फुलीसारखी खाच असते, आत दाब वाढला तर तिथूनच फुटावं म्हणून. डोकं वर आलेलं असलं किंवा खाचेतून तपकिरी खपली बाहेर पडलेली असली, की रोग सापडला.

त्यांचं काम समजलं की बोर्डाकडे बघण्याची नजरच बदलते. एसएमपीएसकडून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून, बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला लागतात साधारण १.३ व्होल्ट, पण ६५ वॉटच्या प्रोसेसरला त्या दाबावर ५० अँपिअर प्रवाह द्यावा लागतो. मॉसफेट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होऊन दाब उतरवतात, कॉइल प्रवाहाला धक्के बसू देत नाही, आणि कपॅसिटर गच्चीवरच्या टाकीसारखा साठा धरून मागणी अचानक वाढली तरी पुरवठा सपाट ठेवतो. तो सुकला की व्होल्टेज थरथरतं आणि मशीन बसतं.

त्या काळात हा रोग जगभर होता. १९९९ ते २००७ या काळात तैवानमधल्या काही कारखान्यांचे कपॅसिटर सदोष निघाले. आतल्या द्रावणात पाणी होतं, पण ॲल्युमिनियमला त्या पाण्यापासून वाचवणारी द्रव्यं अपुरी होती. हायड्रोजन तयार होई आणि डबी फुगे. ॲबिट या मदरबोर्ड कंपनीच्या बोर्डांवरही ते गेले होते. ॲबिटचं मला फार वाईट वाटलं. बायोसमधूनच प्रोसेसरला जोडणाऱ्या बसचा वेग आणि व्होल्टेज बदलता यावं, जंपर काढत बसू नये, ही सोय त्यांनी आणली. ॲबिटच्या बीएच६ वर १९९८ चा सेलेरॉन ३००ए, बस ६६ वरून १०० वर नेली की, थेट ४५० मेगाहर्ट्झवर धावे. हौशी लोकांनी डोक्यावर घेतलेली ही कंपनी २००८ च्या अखेरीस बंद पडली.

पण भिवंडीत निर्दोष कपॅसिटरही लवकर जात, आणि त्याचा हिशेब साधा आहे. डबीवर १०५ अंश, २००० तास असं रेटिंग असतं. तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. म्हणजे ६५ अंशांवर तोच कपॅसिटर ३२,००० तास, दिवसरात्र चालवला तरी साडेतीन वर्षांवर टिकेल. तंतूंनी हवा अडली आणि तिथलं तापमान ८५ वर गेलं, की उरतात ८,००० तास, वर्षभरही नाही. त्यात वीज. २००७ मध्ये टॉरंट पॉवरकडे वितरण जाण्याआधी भारनियमनाचे तास लांबलचक असत, आणि वीज आली की गल्लीतले सगळे माग एकदम चालू होत. दिवे मिणमिणत, मग लख्ख होत. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी अर्थिंग तपासून घ्यायला सांगे, नव्या बोर्डाचं मग बघू.

कपॅसिटर बदलणं हे मला मनापासून आवडणारं काम. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मिळणारा साधा कपॅसिटर मायक्रोफॅरड जुळला तरी इथे चालत नाही. त्याचा अंतर्गत रोध जास्त, तो तापतो आणि लवकरच पुन्हा फुगतो. लो ईएसआर मालच हवा. त्यासाठी एसटीने ठाणे, लोकलने दादर, गाडी बदलून ग्रँट रोड आणि मग लॅमिंग्टन रोड. रुबिकॉन, निचिकॉन, निप्पॉन केमिकॉन अशी जपानी नावं मागायची आणि नकली माल हातात येत नाही ना, हे डबीची छपाई निरखून पाहायचं. बोर्डात तांब्याचे अनेक थर असतात. ग्राउंडचा पाय डाखाची उष्णता लगेच ओढून घेतो, २५ वॉटची सोल्डरिंग गन तिथे पुरत नाही. ६० वॉटची लागते आणि हात हलका लागतो, नाहीतर भोकाच्या आतलं तांबं उपटून येतं.

ओव्हरक्लॉकिंगकडे, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याकडे, मी या वाटेने आलो. घरी गिगाबाइटचा पी३५-डीएस३एल घेतला, तो त्यावर सगळे सॉलिड कपॅसिटर होते म्हणून; त्यांत सुकायला द्रावणच नसतं. सोबत पेंटियम ड्युअल-कोर ई२१६०. मूळ वेग १.८ गिगाहर्ट्झ, म्हणजे गुणक ९ गुणिले बस २०० मेगाहर्ट्झ. बस २६६ केली, २.४ झालं, ३३३ केली, ३.० झालं, त्यासाठी व्होल्टेज थोडं वाढवावं लागलं. प्रोसेसरची कसोटी घेणारा प्राइम९५ हा प्रोग्रॅम रात्रभर चालवून सकाळी चूक दाखवत नसेल तरच वेग खरा मानायचा. वीज वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दोन तृतीयांशाने आणि व्होल्टेज दहा टक्क्यांनी वाढवलं की खर्च दुप्पट. ते ओझं मॉसफेटवर येतं. म्हणून मे महिन्यात मी २.४ वरच राहत असे आणि थंडीत ३.० वर जाई.

ऑफिसवाल्यांना मात्र मी इंटेलचे 'ओरिजिनल' बोर्डच बसवले. त्यांच्या नेहमीच्या मॉडेलांत बायोसमध्ये वेग वाढवायची सोयच नसे, पण हिशेबाच्या मशीनला ती लागतेही कशाला? २०१३ च्या जानेवारीत इंटेलने डेस्कटॉप बोर्डांचा धंदा आवरता घेत असल्याचं जाहीर केलं तेव्हा "आता कुठला घ्यायचा?" हे मला सतत ऐकावं लागलं. त्याआधीच, २०११ पासून, इंटेलने ओव्हरक्लॉकिंग के अक्षराच्या महाग प्रोसेसरांपुरतं आणि मोजक्या चिपसेटपुरतं ठेवलं होतं. स्वस्त प्रोसेसरमधून महागाचं काम काढायची जी मजा कॉलेजातल्या पोरांना परवडत होती, ती गेली. मला तो निर्णय तेव्हा पटला नाही, आजही पटत नाही.

आता ब्रँडबद्दल विचारायला मुलं येतात, असूस की एमएसआय, गिगाबाइट की एएसरॉक. मी त्यांना त्याच कंपनीचे दोन बोर्ड, एक स्वस्त आणि एक महाग, शेजारी ठेवून दाखवतो. खोक्यावरचं नाव एकच. स्वस्तावर मॉसफेट उघडे, कॉइल मोजक्या. महागावर त्यांवर जाड हीटसिंक आणि कॉइलची लांब रांग. मग विचारतो, प्रोसेसर कुठला घालणार, आणि मशीन ठेवणार कुठे? घरात की कारखान्यात? पद्मानगरमधल्या एका मुलाने कारखान्यात असं सांगितलं तेव्हा मी त्याला मधल्या किमतीचा, हीटसिंकवाला बोर्ड दिला, कॅबिनेटच्या तोंडाला धुता येणारी जाळी लावून दिली, आणि आठवड्याच्या सुट्टीला माग बंद असताना ती झटकायला सांगितलं.