तोल

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यात भातलावणीच्या दिवसांत खाचरांचे बांध निसरडे होतात. बांधाची रुंदी जेमतेम वीतभर. त्यावरून डोक्यावर रोपांच्या जुड्यांची पाटी घेतलेली बाई झपझप निघून जाते. पाटीला हात लावण्याचीही गरज तिला वाटत नाही. तिच्या मागून येणारा तेरा वर्षांचा मुलगा मात्र रिकाम्या हातांनी चालूनही चिखलात घसरतो, आणि सारे हसतात. गेल्या पावसाळ्यात हाच मुलगा याच बांधावरून धावत गेला होता!

मग वर्षभरात त्याचे बिघडले तरी काय? काहीच नाही, तो वाढला. या वयाच्या सुमारास शरीर भराभर उंच होऊ लागते. मुलींची ही वाढ बहुधा मुलांच्या आधी सुरू होते. हातपाय लांब होतात, परंतु त्यांचा नवा हिशेब मेंदूच्या अंगवळणी पडण्यास अवधी लागतो. तोवर पाऊल भलतीकडेच पडते, कोपर चौकटीवर आदळते, हातातला पेला निसटतो. वडीलधारी माणसे 'वेंधळा' म्हणून मोकळी होतात. वस्तुतः नव्या घरात अंधारात वावरणाऱ्या माणसासारखी ती अवस्था असते.

शरीराचा तोल तीन पहारेकरी राखतात. डोळे हा पहिला. दुसरा कानाच्या आत दडलेला असतो; तेथील अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव डोके वळताच हलतो आणि मेंदूला वर्दी देतो. तिसरा पहारा स्नायूंचा व सांध्यांचा. एका पायावर उभे राहा आणि मग भिंतीजवळ, जपून, डोळे मिटून पाहा. एक पहारेकरी झोपताच घोट्याची किती धांदल उडते, हे लगेच कळेल. दोन्ही पायांवर निश्चल उभा दिसणारा माणूसही किंचित डोलतच असतो. तेव्हा तोल म्हणजे न हलणे नव्हे. तोल म्हणजे क्षणोक्षणी सावरणे होय. आणि सावरणे शिकता येते.

ते शिकविणारी एक अस्सल विद्या महाराष्ट्राने जोपासली आहे. ती म्हणजे मल्लखांब. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले. वणीच्या सप्तशृंगगडावर वानरांच्या उड्या पाहून त्यांना ही युक्ती सुचली, असे सांगतात.

जमिनीत पुरलेला हा लाकडी खांब वर निमुळता होत जातो. खाली अंग, त्यावर मान आणि शेंड्याला बोंड, असे त्याचे भाग. घर्षण कमी व्हावे म्हणून त्याला एरंडेल लावतात. नवखा मुलगा प्रथम सलामी शिकतो, मग पायांनी खांबाला विळखा घालण्याची अढी. पहिल्या दिवसांत तो वर चढण्यापेक्षा खाली घसरतोच अधिक. उस्ताद जवळ उभा असतो, खाली गादी असते. पडावे कसे, हेही तेथे शिकविले जाते. पुढे फरारे येतात, आणि मग बोंडावर एका पायाने उभे राहण्यासारखे तोलाचे प्रकार. तेथे नजर एका बिंदूवर रोखावी लागते. हसणाऱ्याकडे पाहिले, की पाय डगमगलाच! दोरीच्या मल्लखांबात पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांच्या चिमट्यात दोर धरावा लागतो. रोजच्या या सरावाने तिन्ही पहारेकरी एकदिलाने राबू लागतात.

हा खांब आता केवळ गावच्या तालमीत राहिलेला नाही. 2019 मध्ये मुंबईत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. 2021 चा अर्जुन पुरस्कार मल्लखांबपटू हिमानी परब यांना मिळाला, तर 2024 मध्ये या खेळाचे प्रशिक्षक उदय देशपांडे यांना पद्मश्री जाहीर झाली.

परंतु पुरस्कारापर्यंत प्रत्येकाने पोहोचलेच पाहिजे असे नाही. वाढत्या वयात स्वतःचेच शरीर परके वाटू लागते, आणि चेष्टेच्या भीतीने कितीतरी मुले मैदानाकडे पाठ फिरवितात. नेमका तेव्हाच सराव सुटतो आणि अवघडलेपण वाढते. खांबाला मिठी मारणाऱ्या मुलाला मात्र रोज एक गोष्ट उमगत जाते : घसरणे ही लाजेची बाब नव्हे. ज्याला हे उमगले, तो पडलेल्या सोबत्याला हसत नाही, हात देतो.