दीड मुठीवरचा ध्रुव

देवगडच्या किनाऱ्यावर, रात्रीचं जेवण झाल्यावर, आजोबा उत्तरेकडे तोंड करून हात सरळ ताणायचे. मूठ वळायचे, एक डोळा मिटायचे. एका मुठीवर दुसरी मूठ. दीड मुठीहून अंमळ वर ध्रुव. “ह्यो आपलो गाव,” म्हणायचे.

आजोबा गलबतावर तांडेल होते. मुंबईला ध्रुव जवळजवळ दोन मुठी वर दिसतो आणि कालिकतला एका मुठीवर येतो, हे त्यांना हाताने ठाऊक होतं. त्यामागचं गणित मला फार उशिरा, शाळेत कळलं. ताणलेल्या हाताची मूठ आकाशाचे सुमारे 10 अंश झाकते आणि ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर, तितका त्या जागेचा अक्षांश. देवगड 16 अंशांच्या थोडं पुढे, मुंबई 19, कालिकत सव्वाअकरा. एक अंश म्हणजे 111 किलोमीटर. आजोबांच्याही आधीच्या काळात अरबी समुद्रातले खलाशी ‘कमाल’ वापरायचे. लाकडाची छोटी पट्टी आणि तिला गाठी मारलेली दोरी. दोरी दातांत धरायची, पट्टीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवाला लावायची. प्रत्येक बंदराची गाठ ठरलेली.

वेळही वरच दिसायची. रात्रीची पाळी कधी बदलायची ते तिकांडं सांगे. मृगातले ते तीन तारे पूर्वेला उगवतात, बारा तासांनी पश्चिमेला मावळतात. म्हणजे तासाला 15 अंश. एक मूठ सरकायला चाळीस मिनिटं. शिवाय तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात. संक्रांतीला तिकांडं रात्री साडेदहाच्या सुमारास माथ्याच्या किंचित दक्षिणेला येतं, महिन्याने तिथेच साडेआठला. आजोबांना हा हिशेब कुणी शिकवला नव्हता. पावसाळा संपून गलबत पाण्यात उतरलं की तो आपोआप सुरू व्हायचा. ध्रुव शोधायला बाजलं, म्हणजे सप्तर्षी. चार खुरांची खाट आणि मागे तीन चोर. बाजलं मावळलेलं असलं की शर्मिष्ठा.

आता माझा भाचा मासेमारीला जातो. त्याच्या हातातला जीपीएस काही मीटरच्या आत जागा सांगतो. वादळात त्याच यंत्राने माणसं घरी आणली आहेत, म्हणून त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण ध्रुव कुठला, असं विचारल्यावर तो गोंधळला, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. दोष त्याचा नाही. किनाऱ्यावरच्या दिव्यांच्या झोतात उत्तरेचं आकाश करडं झालंय, आणि ध्रुव मुळात फार तेजस्वी नाही. अमेरिकेच्या नौदल अकादमीने बंद केलेलं ताऱ्यांवरचं नौकानयन 2015 मध्ये पुन्हा शिकवायला घेतलं. ज्यांच्याकडे सगळी यंत्रं आहेत त्यांनाही ही विद्या हाताशी असावीशी वाटते.

मला सर्वांत आवडायचा तो अगस्त्य. ऋषी विंध्य ओलांडून दक्षिणेला गेले, ही गोष्ट आजोबा त्याच्याकडे बोट दाखवूनच सांगायचे. गलबत दक्षिणेला निघालं की ध्रुव खाली उतरतो आणि अगस्त्य तेवढाच वर चढतो. दिल्लीत तो जेमतेम नऊ अंश वर येतो, देवगडला एकवीस, कालिकतला सव्वीस.

फेब्रुवारीच्या मध्यावर, रात्री सव्वानऊच्या सुमारास, अंधाऱ्या जागी जा. मुलांना सोबत न्या. आधी उत्तरेला ध्रुव मुठीने मोजा, मग दक्षिणेला वळून व्याधाच्या खाली चमकणारा अगस्त्य मोजा. दोन्ही आकडे मिळवा. महाराष्ट्रात कुठेही उभे असा, बेरीज सदतीस अंशांच्या आसपासच येते.