चितळकर नावाचा गळा

अण्णा, तुमचं पुणतांबं आणि आमचं गंगाखेड एकाच नदीवर वसलेलं. नकाशात ती गोदावरी, आमच्या परभणी जिल्ह्यात नुसती गंगा. तुमच्या काठावर चांगदेवांची समाधी, आमच्या काठावर जनाबाईचं गाव. १२ जानेवारी १९१८ रोजी गंगेच्या वरच्या अंगाला तुम्ही, रामचंद्र नरहर चितळकर, जन्माला आलात, तेव्हा या पाण्याकाठी अभंग होता, भारूड होतं, संबळावरचा गोंधळ होता. सॅक्सोफोन तेवढा नव्हता. त्याच्याशी आमचं नातं पुढे तुम्ही जुळवून दिलंत.

गेलात ५ जानेवारी १९८२ला. चौसष्टी पुरी व्हायला आठवडा उरला होता. संगीतकार सी. रामचंद्रांसाठी लोक हळहळले आणि ते रास्तच होतं. पण त्या दिवशी आणखी एक माणूस गेला, त्याच्यासाठी वेगळं रडायचं राहून गेलं. तबकडीवर त्याचं नाव नुसतं ‘चितळकर’ असायचं. चाल एका नावानं बांधायची आणि गायचं दुसऱ्या नावानं, ही वाटणी तुमचीच. तिच्यात गायकाच्या वाट्याला सावली आली.

तसे तुम्ही पडद्यावर चमकायला निघाला होतात. विनायकबुवा पटवर्धनांकडे आणि नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकलात, ‘नागानंद’मध्ये नायक झालात. चित्र चाललं नाही. मग मिनर्व्हा या चित्रसंस्थेत किरकोळ भूमिका आणि पेटीची साथ. एका परीनं बरंच झालं. पेटीपाशी बसलेल्या माणसाला सगळ्यांचं गाणं ऐकावं लागतं. नायकाला फक्त स्वतःचं ऐकू येतं.

१९४७मध्ये ‘शहनाई’ हा तुमचा चित्रपट आला. नाव सनईचं आणि आत गिटार, हार्मोनिका, चक्क शीळ! त्यातलं रविवारी भेटायला बोलावणारं गाणं मुंबईत गाजत होतं, तेव्हा आमची परभणी निजामाच्या राज्यात रझाकारांच्या धास्तीनं दारं लावून बसली होती. आम्हाला मोकळा श्वास मिळायला १९४८चा सप्टेंबर उजाडला. तुमची गाणी आणि आमचं स्वातंत्र्य थोड्याफार अंतरानं एकाच सुमारास पोचलं. म्हणूनच की काय, त्या गाण्यांतला चेकाळलेपणा या मुलखाला कधी परका वाटला नाही.

जॅझ तुम्ही एकट्यानं आणला नाही. मुंबईच्या हॉटेलांत रात्री वाजवणारे गोव्याचे वादक दिवसा स्टुडिओत यायचे. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, तुमचा साहाय्यक होता. ताज हॉटेलात त्याचा ट्रंपेट ऐकणारे त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९५१च्या ‘अलबेला’त तो आपल्या बँडसकट पडद्यावरच दिसतो. खरं तर जॅझचा जीव आयत्या वेळच्या उपजेत, आपल्या ख्यालासारखाच. तीन मिनिटांच्या तबकडीत ती उपज मावणार कुठे? मावला तो ठेका, मावली ती लकब. तेवढ्यावर तुम्ही घर उभं केलंत.

आणि त्या घरात राहायला आपला गळा पाठवलात. ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ पुन्हा ऐका. बोंगो सुरू होतो, ट्रंपेट-क्लॅरिनेट उसळतात, आणि त्या सगळ्या साहेबी थाटात एक आवाज येतो, किंचित नाकातला, ना भारदस्त ना घुमणारा. शेजारी ऐन बहरातल्या लताबाई. दुसरा कुणी असता तर बरोबरी करायला गेला असता. तुम्ही नुसते बोलल्यासारखे गाता, शब्दाच्या टोकाला मिश्किल झटका देता आणि मोकळे होता. गल्लीतला एखादा टवाळ पोरगा चुकून क्लबात शिरावा आणि पाहता पाहता सगळ्यांचा लाडका व्हावा, तसा तो आवाज. बाहेरचा ठेका आपला झाला तो या साध्या गळ्यामुळे. तिथे कुणी तालेवार गवई असता, तर लोकांनी दुरून वाहवा केली असती. तुमचं ऐकून वाटलं, हे तर आपल्यालाही जमेल. मग त्या गाण्यावर पडद्यावर नाचणाऱ्या भगवानदादांचं ते जागच्या जागी डुलणं उचलून अख्खा महाराष्ट्र गणपतीपुढे नाचला.

साधा म्हणून तो गळा एकसुरी नव्हता. भगवानदादांच्या थट्टेला शोभणारा हाच आवाज १९५५च्या ‘आझाद’मध्ये दिलीपकुमारांच्या ओठांवर गेला, तो इतका मखमली होऊन की ऐकणाऱ्याला तलत महमूदच वाटावेत. चालींचंही तसंच. ज्या ‘अलबेला’त बोंगो धडकले, त्यातच पिलूतली अंगाई आहे. ज्यानं ‘अनारकली’ला करुण स्वर दिले, त्यानंच ‘ईना मीना डीका’ला पोरांच्या खेळातली बडबड दिली. २७ जानेवारी १९६३ला दिल्लीत नेहरूंसमोर कवी प्रदीपांचं गीत लताबाई गायल्या, ती चालही तुमची. आणि मराठीत परतलात ते १९७०च्या ‘घरकुल’ चित्रपटाचं ऋण ठेवून.

या सगळ्याचा परभणीशी संबंध काय? लग्नसराईत वरात निघाली की कळायचा. नवरदेव घोड्यावर, पुढे जरीचे डगले घातलेलं बँडपथक, घामानं डवरलेला क्लॅरिनेटवाला. त्यानं ना ताज पाहिलेलं, ना जॅझ हा शब्द ऐकलेला. पण तुमचं गाणं धरलं की तो मधेच एखादी हरकत पदरची घालायचा, दोन सूर जास्त लांबवायचा, पोरं शिट्ट्या मारायची, ताशावाला ती हरकत उचलायचा. तबकडीत न मावलेली उपज आमच्या रस्त्यावर धुळीत वाजत होती. आता वरातीपुढे डीजेच्या भिंती येतात, छातीत धडधड होते, आणि तुमचं गाणं लागलंच तर कुणीतरी कापूनजोडून ठेवलेलं लागतं. त्यात कुणालाच पदरचं काही घालता येत नाही.

शोक तुमच्या जाण्याचा किती आणि ही मोकळीक जाण्याचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. एवढं मात्र ठाम सांगतो. संगीतकार सी. रामचंद्रांचं देणं देशानं मान्य केलं. गायक चितळकरांचं अजून बाकी आहे. फार थोर नसलेल्या आवाजानंही आनंदाला तोंड फोडता येतं, हे ज्यानं एका पिढीला पटवलं, त्याला चालीमागे लपवून ठेवणं बरं नव्हे. अण्णा, हा हट्ट तुम्हालाही मोडता येणार नाही. आमच्याकडे तुम्ही आधी गायक, मग बाकी सगळं.