मांजर, संगणक आणि सुताचा भुगा

ज्या घरात मांजर आणि संगणक एकाच खोलीत राहतात, तिथं संगणक कोणाचा हा वाद फार दिवस टिकत नाही. मांजर त्यावर बसते आणि वाद संपतो.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे. खोल्या दोन. पुढच्या खोलीत मी डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, कधी एखाद्याचा कवितासंग्रह. त्याच खोलीत अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, नमाज पढतात आणि त्याच खोलीत शब्बो नावाची मांजर व तिचा काळ्या नावाचा बोका मुलगा यांचा मुक्काम असतो. मांजर घरात वावरली म्हणून घर नापाक होत नाही, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. प्रेषितांचे सहकारी अबू हुरैरा यांच्या नावाचा अर्थच मुळी मांजरीच्या पिल्लाचा बाप. त्यामुळं शब्बोनं घरात यावं की नाही, हा प्रश्न कधी नव्हताच. प्रश्न होता तो तिनं संगणकापासून लांब कसं राहावं हा.

मांजर संगणकाकडं का जाते? लोक म्हणतात, तिला आपलं लक्ष हवं असतं. तेही असेल. पण खरं कारण ऊब. मांजरीच्या अंगाचं तापमानच 38 ते 39 अंश सेल्सिअस. आपल्याला घाम फुटतो त्या 30 अंशांच्या वरच्या हवेत तिला बरं वाटतं. जुना, मागं पोट असलेला मॉनिटर होता तेव्हा शब्बो त्याच्या डोक्यावर झोपायची आणि शेपटी पडद्यावर सोडायची. शेपटीखालच्या ओळी मी अंदाजानं वाचायचे. मग चपटा मॉनिटर आला आणि तिचं तख्त गेलं. तिनं सीपीयूची मागची बाजू शोधली, जिथून गरम हवा बाहेर येते. सोलापूरचा मे महिना आला, की मात्र ती त्याच्याकडं ढुंकूनही बघत नाही. मोरीतल्या ओल्या फरशीवर आडवी पडते. डिसेंबरात पहाटे पुन्हा हजर.

कीबोर्डवर ती बसते ते वेगळंच प्रकरण. उजवी शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून राहिली, की विंडोजमध्ये फिल्टर कीज नावाची सोय चालू होते आणि साधं टायपिंग उमटेनासं होतं. माणूस समजतो, कीबोर्ड गेला. मांजरीला आठ सेकंद म्हणजे काहीच नाही. एका पत्रिकेत नवरदेवाच्या नावापुढं ओळभर 'क' उमटले होते. प्रूफ तपासताना दिसले म्हणून बरं. हे दुखणं जगभरचं आहे. अमेरिकेतल्या क्रिस निसवॉन्डर यांनी मांजरीच्या पावलांचं टायपिंग ओळखणारं पॉसेन्स नावाचं सॉफ्टवेअर केलं होतं. 2000 साली त्यांना त्यासाठी इग्नोबेल पुरस्कार मिळाला.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग एका लग्नसराईत संगणक दर वीस मिनिटांनी बंद पडू लागला. हातात सात पत्रिका होत्या आणि त्यांच्या पैशांतून मुलीची फी भरायची होती. दुरुस्तीवाल्या पोरानं सीपीयू उघडला, प्रोसेसरवरचा पंखा काढला, तर खालच्या पातळ पत्र्यांवर नमद्यासारखा थर बसलेला. पंखा बाहेरची हवा ओढतो, हवेबरोबर केस आणि धूळ येते, पत्र्यांच्या फटी बुजतात. उष्णता निघायला वाट राहत नाही. प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही तापला, तर जळण्यापेक्षा मशीन बंद होतं. पोरगा थर बघून म्हणाला, "भाभी, मांजर काढा, मशीन वाचेल."

संध्याकाळी माझे जेठ म्हणाले, "पोत्यात घालून सीना नदीपलीकडं सोडून येतो." अम्मींनी तसबीह खाली ठेवली. एका बाईनं मांजरीला बांधून ठेवलं, ना खायला दिलं, ना सोडलं, म्हणून तिला अजाब झाला, ती हदीस त्यांनी सांगितली. जेठ म्हणाले, "मी तर मोकळं सोडतोय." अम्मी म्हणाल्या, "बेजुबान है बेटा. नदीपार उसका कौन है?"

मी त्या वादात पडले नाही. माझ्यापुढं फी होती आणि तो थर होता. मी तो वर्तमानपत्रावर घेऊन बोटांनी विस्कटला. काळे-पिवळे केस होतेच. पण त्याहून जास्त होता पांढरा, मऊ सुताचा भुगा. आमच्या भिंतीला भिंत लावून यंत्रमागाची शेड आहे. टॉवेल विणले जातात. तिथला कापूस दिवसरात्र उडतो, आमच्या भांड्यांवर, कपड्यांवर, फुफ्फुसांत बसतो. त्या शेडवर गल्लीतली कितीतरी घरं चालतात, म्हणून तिचं नाव कोणी घेत नाही. मांजरीचं नाव लगेच निघालं. तिला बोलता येत नाही आणि ती पोत्यात मावते.

वर्तमानपत्र मी जेठांपुढं ठेवलं. पोतं परत माळ्यावर गेलं.

त्यानंतर खोली नव्यानं मांडली. सीपीयू जमिनीवरून उचलून लाकडी स्टुलावर ठेवला, कारण केस आणि भुगा खालीच साचतो. हवा आत ओढली जाते त्या बाजूला मच्छरदाणीचा तुकडा लावला. तो दर रविवारी धुते. बाहेर टाकण्याची बाजू मोकळीच. दर दोन महिन्यांनी वायर काढून सीपीयू अंगणात नेते आणि पंख्याची पाती बोटानं धरून ब्लोअर मारते. पाती भरभर फिरू दिली तर पंखा खराब होऊ शकतो. दुधाचे दात पडायच्या वयात पिल्लं वायरी चावतात, त्यात शॉक लागून जीव जाऊ शकतो. म्हणून सगळ्या वायरी प्लास्टिकच्या नळीत घातल्या. उठताना कीबोर्डवर पुठ्ठ्याचं झाकण.

आणि सीपीयूच्या मागं, गरम हवा पोचेल पण अडणार नाही अशा हातभर अंतरावर, एक खोकं ठेवलं. त्यात अम्मींनी जुनी वाकळ घातली. शब्बो दुसऱ्याच दिवशी त्यात जाऊन बसली. तिला माझा कीबोर्ड कधी नकोच होता, ऊब हवी होती.

पत्रिका वेळेत गेल्या, फी भरली. आता सफाईच्या दिवशी माझी मुलगी निघालेल्या कचऱ्याचे दोन ढीग करते, एक केसांचा, एक सुताचा. सुताचाच मोठा निघतो. जेठ तिच्याकडं बघतात, बोलत काही नाहीत. पण शुक्रवारी येताना खाटकाकडून छिछड्यांची पिशवी आठवणीनं आणतात.