सगळी रद्दी विकू नका

पुणे, 9 जुलै

चि. मुक्तास,


तुझ्या सातवीच्या मुलांचा बेत कळला. दिवाळीआधी पटांगणात स्टॉल, रंगवलेल्या पणत्या, आयांनी केलेल्या चकल्या आणि जमलेले पैसे कुत्र्यामांजरांच्या शेल्टरला. ‘काही सूचना असल्या तर लिही’ म्हणालीस. इतकी वर्षं शेल्टरचा जमाखर्च लिहिणाऱ्या मावशीला हे विचारलंस, आता भोग.

दिवाळीत आमच्याकडे पैसे येतातच. पितृपक्षातही येतात, वाढदिवसांना येतात. ओढाताण होते ती आत्ता. पाऊस लागला की जखमेत अळ्या पडलेली जनावरं येतात, पिल्लांना पार्वो होतो, गोचीडतापाचे कुत्रे सलाइनवर असतात. नेमके तेव्हाच फी, वह्या, रेनकोट यांत घराघरातले हात आखडलेले. तेव्हा एकदाच मोठा चेक देऊन फोटो काढण्यापेक्षा वर्गाने दर महिन्याला थोडे द्यावेत, पाचशे का असेनात.

ही अक्कल माझी नव्हे. 1832 साली मुंबईत कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायचा सपाटा लावला, तेव्हा फोर्टातले पारशी खवळले, दुकानं बंद झाली, दंगल झाली. पुढे दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि गुजराती शेठमंडळींनी जनावरांसाठी पांजरपोळ काढला, तो भुलेश्वरला अजून आहे. शेठ लोकांनी देणग्या दिल्याच, पण रोजचा चारा चालावा म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वतःहून पट्टी बसवून घेतली. सौदा झाला की त्यातला चिमूटभर वाटा जनावरांचा. धर्म आणि हिशेब दोन्ही कळणारी माणसं होती ती.

मुलं रद्दी गोळा करणार असतील तर सगळी विकू नका. पिंजऱ्यात अंथरायला वर्तमानपत्रं आम्हाला रोज लागतात. जुन्या चादरी, टॉवेलही चालतील. उशा नकोत, कुत्री फाडतात आणि कापूस गिळतात.

आता जरा नाजूक मुद्दा. प्रत्येकाला पिल्लांच्या दुधासाठी पैसे द्यायचे असतात. (गाईच्या दुधाने कित्येक पिल्लांना जुलाब होतात, हेही मुलांना सांग.) नसबंदीसाठी मात्र क्वचितच कुणी देतं. कुत्री वर्षातून दोनदा विऊ शकते, एका वेळी पाच-सहा पिल्लं. म्हणजे एका ऑपरेशनच्या पैशात किती पिल्लांचे हाल वाचतात, हे गणित सातवीला सहज जमेल. 2001 पासून नियमच आहे: कुत्रा पकडायचा, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि होता त्याच गल्लीत आणून सोडायचा. ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून कानाला खाच पाडतात. शाळेच्या रस्त्यावरच्या किती कुत्र्यांच्या कानाला खाच आहे, हे मुलांना लांबूनच मोजू दे. बिनखाचेचे जे निघतील त्यांच्यासाठी पैसे जमवा. ‘नसबंदी’ हा शब्द फळ्यावर बघून मुख्याध्यापिका बाई भुवया उंचावतील. उंचावू देत.

हात मात्र कुणी लावायचा नाही. कुत्रा चावला किंवा त्याने नुसतं ओरखडलं, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, मिरची काही भरायचं नाही. हे पणत्यांच्या आधी शिकव.

हिशेबाची वही मुलांनाच लिहू दे, तू फक्त बघ. पैसे दिल्यावर ते कशावर खर्च झाले हे त्यांनी शेल्टरला विचारायलाच हवं. विचारलेलं आवडत नसेल तर दुसरं शेल्टर शोधा. आमच्याकडे विचारणारे इतके कमी येतात की त्यांना मी चहा पाजते. पालकांपैकी कुणी करसवलतीची पावती मागेल, तर त्याने आपल्या नावाने परस्पर द्यावेत. मुलांच्या डब्यात ते पैसे मिसळू नका.

भेटीला यायचं तर आधी फोन करून दुपारी या, सकाळी साफसफाई आणि ड्रेसिंगची धांदल असते. मुलांच्या मागोमाग आठवडाभरात बुटाच्या खोक्यातली मांजराची पिल्लं आमच्या फाटकाशी येतात, असा अनुभव आहे. तेवढं पालकांना आधीच बजावून ठेव.

ताईच्या गुडघ्याचं काय झालं, ते कळव. ती स्वतःहून सांगायची नाही.

तुझी,
मावशी