चिमणी उड आणि सुका बोंबील

खेळ रचणे हा काही आमचा व्यवसाय नव्हे. गुरुविद्यालयात आम्हांस तत्त्वज्ञान शिकविले, ईशज्ञान शिकविले, थोडेफार संगीतही शिकविले. परंतु तीस-चाळीस मुले, एक लहानसे सभागृह आणि बाहेर कोसळणारा आषाढ यांची सांगड कशी घालावी, हे कुणी शिकविले नाही.

गेल्या वर्षी जुलैत, माउंट कार्मेल मातेच्या सणानंतरच्या रविवारी, कोर्लईच्या मुलांसमवेत एक दिवस घालविण्याचा योग आला. पोत्यांची शर्यत, लिंबू-चमचा, रस्सीखेच असा बेत ठरला होता. पण रेवदंड्याच्या खाडीवरून पावसाची अशी काही सर आली की, मैदानाचे तळे झाले. मुले आत आली, सतरंजीवर बसली आणि आमच्या तोंडाकडे पाहू लागली. अशा वेळी माणसाला आपले बालपण आठवते. आम्हांस 'चिमणी उड' आठवले.

वाचकहो, हा खेळ आपण सर्वांनीच खेळलेला आहे. सर्वांची बोटे जमिनीवर टेकलेली. म्होरक्या म्हणतो, 'चिमणी उड', बोटे वर. 'कावळा उड', बोटे वर. आणि त्याच दमात तो म्हणतो, 'म्हैस उड!' ज्याची म्हैस उडाली तो बाद. खर्च शून्य, साहित्य शून्य, हशा भरपूर.

सण समुद्रकाठचा, म्हणून पाच मिनिटांत आम्ही त्यात फेरफार केला. पाखरांऐवजी मासे घेतले. 'सुरमई पोहली' म्हटले की पंजा माशासारखा हलवायचा. 'किल्ला पोहला' म्हटले की हात जागच्या जागी ठेवायचा. आपल्या कल्पकतेवर आम्ही मनोमन खूष झालो.

हा आनंद दहा मिनिटेही टिकला नाही. पहिली हरकत आली ती कोळीवाड्याच्या शेजारी वाढलेल्या एका मुलाकडून. आम्ही 'चिंबोरी पोहली' असे म्हणालो. अर्ध्या मुलांनी पंजे हलविले, अर्ध्यांनी नाही. आणि दोन्ही पक्ष आपापल्या जागी ठाम. "फादर, चिंबोरी चालते!" "नाही फादर, पोहते पण!" न्यायनिवाडा आमच्या आवाक्याबाहेरचा होता. आम्ही चिंबोरीला खेळातून मुक्त केले.

दुसरी हरकत अधिक वर्मी लागली. सात-आठ वर्षांची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "फादर, तुम्ही खोटं सांगायच्या आधी भुवया वर करता. आम्हांला आधीच कळतं." हशा पिकला. तीस वर्षे लोकांसमोर उभे राहून बोलणाऱ्या माणसाला आपल्या भुवयांची ही सवय त्या दिवशी प्रथमच कळली. आम्ही मुकाट्याने मुलांकडे पाठ फिरविली आणि भिंतीकडे तोंड करून मासे पुकारू लागलो.

तिसरी हरकत कुणी पुकारून घेतली नाही. पाठ फिरविल्यामुळे खिडकी आमच्या समोर आली होती. तिथे एक मुलगा पावसाकडे पाहत बसला होता. तिन्ही डावांत तो पहिल्याच फटक्यात बाद झाला होता. त्याचा हात इतरांहून किंचित उशिराने हलायचा आणि थांबायचाही उशिराने. आम्ही त्याला विचारले, "काय रे, खेळ आवडला नाही का?" तो शांतपणे म्हणाला, "आवडला फादर. पण आउट झाल्यावर काय करायचं?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. हसायचे ते त्याच्या चुकीला, आणि त्या हशातून उठून बाहेर जायचे ते त्यानेच. पाच मिनिटांत रचलेल्या खेळात त्याचा विचारच झालेला नव्हता.

पुढे कुतूहलाने आम्ही याविषयी थोडे वाचन केले. तव्याचा चटका बसताच हात मागे येतो, ती खरी प्रतिक्षिप्त क्रिया. तिथे मज्जारज्जूच हुकूम देतो, मेंदूच्या निर्णयाची वाट पाहत नाही. 'चिमणी उड'मध्ये तसे नाही. ऐकायचे, ओळखायचे आणि मग हात उचलायचा किंवा आवरायचा. हॉलंडमधील शरीरशास्त्रज्ञ डोंडर्स यांनी १८६८ साली मनाच्या व्यापारांना किती वेळ लागतो याविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतील एका प्रकारात ठरलेल्या एकाच खुणेला प्रतिसाद द्यायचा, बाकीच्या खुणांना गप्प राहायचे, अशी अट होती. म्हणजे आपली चिमणी आणि म्हैसच! यातला सारा फरक सेकंदाच्या लहानशा अंशाचा असतो. तेवढ्या अंशासाठी आम्ही एका मुलाला तीन वेळा खिडकीत बसविले होते.

तोडगा आम्ही नव्हे, मुलांनीच काढला. जो चुकेल त्याने म्होरक्या व्हायचे, असे एकाने सुचविले. झाले! म्होरकेपणाच्या लोभाने मुले मुद्दाम चुकू लागली, आणि दोन मिनिटांत खेळ कोसळला. तेव्हा भुवयांवाल्या मुलीने दुरुस्ती सुचविली: जो चुकेल त्याने म्होरक्याच्या बाजूला येऊन उभे राहायचे आणि पुढची नावे सर्वांनी मिळून ठरवायची. शेवटी उरेल त्या एकट्याला साऱ्या टोळीशी झुंजायचे. म्हणजे बाद कुणीच नाही. चुकले की फक्त बाजू बदलते.

खिडकीतला मुलगा अर्थातच पहिला चुकला आणि टोळीत आला. दोन-चार नावे त्याने ऐकून घेतली. मग पुढे होऊन अतिशय गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "बोंबील पोहला!" सारे पंजे हलले. "सुका बोंबील पोहला!" सारे पंजे पुन्हा हलले. पावसाळ्यात घरोघरी ताटात येणारा सुका बोंबील पोहतो म्हणणारी ती सगळी फौज एका वाक्यात गारद झाली! त्या गदारोळात मुले मराठी विसरून आपल्या 'नौ लिंग'मध्ये ओरडू लागली. १७४० साली पोर्तुगीज येथून गेले, तरी कोर्लईच्या घराघरांत उरलेली ही बोली आम्हांस कळत नाही. खेळ आता आमचा राहिला नव्हता, एवढे मात्र कळले.

मदतीला आलेल्या एका महाविद्यालयीन युवकाने चहाच्या वेळी आम्हांस एक हकिकत सांगितली. व्हिएतनाममधील डोंग न्गुयेन या तरुणाने २०१३ साली 'फ्लॅपी बर्ड' नावाचा मोबाईलवरचा खेळ दोन-तीन दिवसांत रचला. बोट टेकवले की पाखरू उडते, नळाला धडकले की पडते, एवढेच. कोट्यवधी लोकांनी तो उतरवून घेतला. मग खेळणारे त्याला कळवू लागले, कुणी कौतुकाने, कुणी रागाने, कुणी या खेळाचा नाद सुटत नाही म्हणून. घटकाभर विरंगुळा म्हणून केलेली वस्तू व्यसन होऊन बसली, असे वाटून फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याने ती चक्क मागे घेतली. खेळ घाईत रचला असला, तरी खेळणाऱ्यांचे म्हणणे त्याने घाईत झटकले नाही. आम्हांस त्याच्याविषयी आदर वाटला. त्या पाखराजवळ एकच उणीव होती: पडलेल्याला बाजू बदलून उभे राहायला तिथे जागा नव्हती. पडायचे एकट्याने आणि पुन्हा उडवायचे तेही एकट्याने.

घरी परतताना एक विचार मात्र आमची पाठ सोडीना. एका खेळाविषयी मुलांनी अर्ध्या तासात आम्हांस तीन गोष्टी सुनावल्या. तीस वर्षे आम्ही प्रवचने करीत आहोत. त्यांविषयी कुणी काही सुनावल्याचे आठवत नाही. मिस्सा झाल्यावर दाराशी सारे म्हणतात, "छान झालं, फादर." आमचा समज असा की, खरोखरच छान होत असावे. पण त्या गर्दीतही कुणीतरी खिडकीतून पावसाकडे पाहत बसलेले असेल, आणि आपण त्याला कधी विचारले नाही.

पुढच्या रविवारी आमच्या धर्मग्रामातील वेदीसेवक मुलांना आम्ही बाजूला घेतले आणि म्हणालो, "आजचं प्रवचन कसं झालं, खरं सांगा. रागावणार नाही." मुले एकमेकांकडे पाहू लागली. अखेर सर्वांत लहान होता तो म्हणाला, "चांगलं होतं, फादर. पण तुमच्या प्रवचनाचा शेवट तीन वेळा येतो."

म्हणून हा लेख आम्ही पहिल्याच शेवटाला थांबवितो.